डाव्या हाताने वाढणारी माणिक

मुलुंड (पूर्व), १२ जानेवारी १९८८

सौ. माणिक हिस,

तुझं कार्ड आलं म्हणून लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं. चार वर्षांनी तुला माझा पत्ता आठवला आणि तोही उघड्या कार्डावर. ते पोस्टमनने वाचलं, तळमजल्यावरच्या राजारामने वाचलं, आणि मग तुझ्या भावोजींनी मला चहाबरोबर वाचून दाखवलं : "माझी बाहुली करून बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत मिरवते आहेस असं अनुपमा सांगते. तिने धाडलेला फोटो पाहिला. नाक माझं नाही. हात चुकला आहे. साडी कुणाची आहे देव जाणे. ताबडतोब काढून टाक."

तुझ्या लेकीने तो फोटो तुला पाठवायला नको होता, पण ती तुझीच लेक आहे.

काढून टाकणार नाही. का, ते सांगते.

राजाराम बोटीवर असतो हे तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षी त्याने विकायला म्हणून एक पिशवीभर परदेशी बाहुले आणले. वीतभर उंचीचे सैनिक. मान फिरते, कंबर वळते, गुडघे दुमडतात. सगळे पिळदार आणि सगळे रागावलेले. वाटेत त्यांच्या बंदुका हरवल्या आणि बिनबंदुकीचा सैनिक कुणी घेईना. पिशवी आमच्याकडे पडून राहिली. एके दिवशी मी धूळ झटकायला एक बाहेर काढला आणि फ्रिजवर ठेवला. तो कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ही माणिक.

एवढंच झालं. त्यात रागही नव्हता आणि लोभही नव्हता. रिटायर झाल्यापासून टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पन्नास मुलींना शिस्त लावायचं काम संपलं होतं आणि हात मोकळे होते.

दंड आणि छाती कानशीने घासून काढली. पोट एमसीलचा लगदा लावून वाढवलं (तेही तुझ्या मापानेच, रागावू नकोस). केस काळ्या उलनचे, चष्मा टेलिफोनच्या तारेतल्या तांब्याचा. गौरी उभ्या करताना साडी कशी चोपून बसवायची ते आईने आपल्याला शिकवलं होतं, ते इथे कामाला आलं. फक्त एवढ्याशा अंगावर कापड पडत नाही, पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. म्हणून खळीत बुडवून, टाचण्या लावून, अंगावरच वाळवावं लागतं.

मग एकटी माणिक करायची काय, म्हणून आई केली. आई झाल्यावर अण्णा आलेच. मग तुझे भावोजी छत्रीसकट, अनुपमा, जावई. सगळ्यांना पिशवीत घालून बोरिवलीहून होडीने गोराईला नेलं आणि सहल काढली. अण्णा दरवर्षी नेतो म्हणायचे आणि नेत नसत, ती सहल. बारा फोटो झाले. घाटकोपरला एक छायाचित्र मंडळ आहे, त्यांनी ते मार्चमधल्या प्रदर्शनासाठी निवडले.

आता अडचण. निवडीच्या दिवशी अनुपमा माझ्याबरोबर आली होती. आमटी वाढणाऱ्या बाहुलीकडे बोट दाखवून ती सगळ्यांसमोर खिदळली, "अय्या, ही तर डिट्टो आई!" मंडळाचे चिटणीस श्यामसुंदर वैद्य घाबरट गृहस्थ आहेत. गेल्या वर्षी एका सभासदाने आपल्या घरमालकाचा घोरतानाचा फोटो लावला होता आणि मालकाने हॉलमध्ये येऊन तो भिंतीसकट ओरबाडला. तेव्हापासून नियम झाला आहे. ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी परवानगी हवी. मी म्हटलं, अहो, ही प्लॅस्टिकची आहे. ते म्हणाले, ओळखू येते ना?

बारांपैकी नऊ फोटोंत तू आहेस. तू गेलीस तर उरते ती सहल नव्हे, तीन फोटो आणि एक छत्री. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या हाताने केलेली आणि कुणी भिंतीवर लावण्याजोगी ठरवलेली ही पहिली गोष्ट आहे. म्हणून दोन ओळी लिहून खाली सही कर आणि पाठव.

हात चुकलेला नाही. तू डावरी आहेस हे मी विसरलेले नाही. पण पंगतीत तू उजव्या हातानेच वाढतेस. आईने तुला तसं वळण लावलं आणि पळी डाव्या हातात गेली की ती बोटांवर मारायची. म्हणून पळी उजव्या हातात आहे.

जयंती


२७ जानेवारी

चि. माणिक,

तुझं पत्र मिळालं. पाकिटातून पाठवलंस, आभार.

"आई गेल्यापासून मी डाव्याच हाताने वाढते. अनुपमाच्या लग्नातही डाव्याच हाताने वाढलं. तू पंगतीला बसली असतीस तर तुला दिसलं असतं." असं लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं आणि तुझ्या भावोजींना वाचायला दिलं नाही.

पंगतीला मी का बसले नाही हे तू लिहीत नाहीस, तर मीही उगाळत नाही. जिलबी कमी पडणार हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, हे खरं. पण ती कमी पडलीच. त्यावर तू विहीणबाईंच्या देखत म्हणालीस की हिने जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, पण हिच्याशी बोलायला कुणी तयार नसतं. ते असो.

हाताचं सांगते. या सैनिकांचा उजवा पंजा बंदूक धरण्यासाठी वळलेला असतो आणि डावा उघडा, सपाट. जगातल्या कुठल्याच कारखान्याला डावरा सैनिक सुचलेला दिसत नाही. तुझ्या डाव्या हातात पळी द्यायची तर पळी राहणार कशी? शेवटी पिशवीतल्या एका उरलेल्या सैनिकाचा उजवा पंजा मनगटातून कापला, उकळत्या पाण्यात मऊ केला, अंगठा दुसऱ्या बाजूला वळवला आणि तुझ्या डाव्या मनगटाला तांब्याची तार घालून बसवला. पहिला पंजा पाण्यात फार वेळ राहिला, त्याची पुरी झाली. मग दुसऱ्या सैनिकाचा कापला, तो बसला. तुझे भावोजी शेजारी उभे राहून "डॉक्टर, पेशंट वाचेल ना?" असं दर पाच मिनिटांनी विचारत होते. त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं.

मग रविवारी पुन्हा गोराई. तू असलेले नऊच्या नऊ फोटो नव्याने काढले. त्यातली गंमत तुला कळणार नाही, तरी सांगते. घरातला कॅमेरा जुना, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून आपण बघायचं आणि फोटो खालच्या भिंगातून निघतो. लांबच्या फोटोत काही बिघडत नाही. जवळून काढला की डोकी उडतात. माझा पहिला रोल धुऊन आला तेव्हा त्यात आपलं सगळं घराणं मानेपर्यंतच होतं. आता मी वरून बघून घेते आणि मग कॅमेऱ्याखाली बरोबर दोन भिंगांच्या अंतराएवढी लाकडी ठोकळी सरकवते. खालचं भिंग वरच्याच्या जागी येतं आणि डोकी शाबूत राहतात.

फोटोत बाहुल्या माणसांएवढ्या दिसाव्यात म्हणून कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. म्हणजे मी वाळूत पालथी. मागे लांबवर खऱ्या होड्या आणि खरी झोपडी ठेवली की ती बाहुल्यांच्याच मापाची होऊन जाते. वाळू तेवढी फसवते. जवळून ती खडीसारखी दिसते, म्हणून बाहुल्यांच्या पायांखाली मी चाळणीने चाळून पसरते. मासळी वाळवणाऱ्या बायका आधी लांबून बघत होत्या. मी बराच वेळ हलले नाही तेव्हा एक जण पाणी घेऊन धावत आली. तुझ्या भावोजींनी तिला सांगितलं, "आहे, जिवंत आहे. फोटो काढतेय." मग त्या सगळ्या येऊन बसल्या आणि त्यांनी अण्णांच्या टोपीला हसून घेतलं. ॲल्युमिनियमच्या ताटाने ऊन परतवून तोंडावर पाडायचं असतं. ते काम भावोजींचं. ते ताट सोडून त्या बायकांशी बांगड्यांच्या भावावर बोलत बसले, म्हणून एका फोटोत आईच्या तोंडावर सावली आहे. तोही चांगला आला.

अजून सही आलेली नाही. प्रदर्शन पाच मार्चला आहे.

तुझी,
जयूताई


९ फेब्रुवारी

चि. माणिक,

साड्यांचे तुकडे पोचले. लिंबू रंग तू कधीच नेसली नाहीस हे मान्य, तो माझ्याकडे ब्लाउजपीस पडून होता म्हणून वापरला. तू पाठवलेल्यांपैकी मोठ्या फुलांचा तुकडा उपयोगाचा नाही. एका फुलात तू कमरेपर्यंत बुडशील. बारीक ठिपक्यांची निळी चंदेरी मात्र उत्तम, ठिपके तिच्या मापाचे आहेत. ती नेसवली, म्हणजे तुझे नऊ फोटो पुन्हा काढणं आलं. राजाराम बघून म्हणाला, "झकास काकू, आता ही भांडेल असं वाटतं." नाकही कानशीने थोडं कमी केलं. थोडंच. बाकीचं तुझं आहे.

आता तुझी अट. "आई आहे, अण्णा आहेत, भावोजी छत्रीसकट आहेत, मी तर जिकडेतिकडे आहे. तू कुठे आहेस? तू असल्याशिवाय मी सही करणार नाही."

अगं, जी फोटो काढते ती फोटोत नसते. सगळीकडे अशीच पद्धत आहे. आपल्या घरातल्या एका तरी फोटोत अण्णा आहेत का?

शिवाय मला स्वतःची बाहुली करायला वेळ नाही. पिशवीत एकच धड सैनिक उरला आहे, त्याचा उजवा गुडघा सैल आहे आणि तो उभा केला की कलंडतो. आणि दुसऱ्यांचे चेहरे मला पाठ असतात. माझा नाही.

वैद्य दोनदा घरी येऊन गेले. शुक्रवारी चार तारखेला दुपारी हॉलमध्ये खिळे ठोकणार आहेत. तोवर सही आली नाही तर तुझे नऊ फोटो भिंतीवर जाणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय माझे तीन मी लावणार नाही. तू अटी घालणं सोड. ही माझी विनंती आहे. मी विनंत्या फारशा करत नाही हे तुला माहीत आहे.

जयूताई


२० फेब्रुवारी

माणिक,

केली.

तीन दिवस नुसती आरशासमोर बसले होते. प्रथम जरा बऱ्यापैकी चेहरा काढला, ओठांच्या कडा किंचित वर. राजारामला दाखवली तर म्हणाला, "ही कोण, पुण्याची पाहुणी?" मग थिनरने ओठ पुसले आणि एका केसाच्या ब्रशने सरळ रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तो दारातूनच म्हणाला, "काकू, ही तुम्ही." आणि चप्पल न काढता आत आला होता तो परत जाऊन काढून आला. म्हणजे साम्य साधलं आहे.

कोपरा-गुडघ्यांचा रंग वाकवल्यावर उडतो, म्हणून मी आधी उभं राहणं ठरवते आणि मग रंगवते. हिच्या बाबतीत तेच ठरेना. वाळूत बसवली तर ती कुणाशी बोलत नाही असं दिसे. आईजवळ उभी केली तर हिशेब तपासायला आल्यासारखी. पिकनिकला आलेली ती दिसतच नव्हती. मी ठोकळी, ताट, पिशवी सगळं आवरून ठेवलं होतं.

तेवढ्यात तुझं पत्र आलं.

"तू गेलीस तेव्हा मी गेटपर्यंत तुझ्यामागे आले होते. हाक मारली नाही, व्याही बघत होते. तू वळली असतीस तर मी दिसले असते."

मला हे ठाऊक नव्हतं. तुला वाटत असेल ठाऊक असून मी चार वर्षं बसले, तर तसं नाही. ठाऊक नव्हतं.

आता पुढच्या प्रश्नांची उत्तरं उलट टपाली पाठव, फोटोसाठी लागणार आहेत. तू गेटच्या आत होतीस की बाहेर? माझ्यापासून किती लांब? पायात चप्पल होती का? डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता का, धावताना तुझा नेहमी घसरतो. आणि हातात काय होतं? पंगतीतून उठून आली असशील तर काहीतरी असणारच. नीट आठवून लिही, अंदाजाने लिहू नकोस.

जयूताई


१ मार्च

माणे,

तुझी उत्तरं शनिवारी आली आणि रविवारी फोटो काढला. गेटच्या बाहेर, दोन पावलं. अनवाणी. पदर खांद्यावर. हातात जिलबीचं ताट, डाव्या हातात.

चार वर्षं त्या ताटाचं कुणी काही बोललं नाही, म्हणजे अनुपमालाही माहीत नसावं. जिलबी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होतीस, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली लिहिलंस. मी वाचलं.

गेट पुठ्ठ्याचं करणार होते, पण तुझे भावोजी म्हणाले, खरं गेट स्टेशनपलीकडे उभं आहे की. म्हणून अनुपमाचं लग्न झालं त्याच कार्यालयात गेलो. मॅनेजर धावत आले, कार्य कुणाचं, तारीख कुठली, माणसं किती. भावोजी म्हणाले, "दोनच माणसं. जेवण नको." त्यांनी पिशवीतून आपण दोघी काढून स्टुलावर उभ्या केल्या तेव्हा मॅनेजरांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग आतून स्वतःची खुर्ची आणून दिली. थोड्या वेळाने स्वयंपाकीही बाहेर आला. त्याला तू आठवतेस. म्हणाला, त्या दिवशी जिलबी कमी पडली होती. मी फक्त भावोजींकडे पाहिलं.

जिलब्या एमसीलच्या, वर केशरी रंग आणि पाक म्हणून नेलपॉलिश. स्टूल रस्त्यात आणि गेट मागे बरंच लांब, म्हणजे ते आपल्या दोघींच्या मापाचं दिसतं. मी पुढे, पर्स काखेत, हनुवटी वर. सैल गुडघ्याखाली काडेपेटीतली काडी लावली आहे, दिसत नाही. तू मागे.

या कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. त्यामुळे काचेत तुझ्या उजव्या हातात ताट होतं, आईला आवडलं असतं तसं. फोटो धुऊन आला तेव्हा ते डाव्या हातात आलं. मला माहीत होतं असं होणार, तरी बरं वाटलं.

काचेत बघताना मी बराच वेळ खटका दाबला नाही. कॅमेरा समोरून आहे ना. माझा चेहरा दिसतो आणि माझ्यामागचं सगळंही दिसतं. मॅनेजरांनी विचारलं, बाई, काही बिघडलंय का. मी म्हटलं, ऊन बदलायची वाट बघते आहे.

दोन फोटो काढले. पहिल्यात मी सरळ पुढे बघते आहे. दुसरा काढण्याआधी बाहुलीची मान फिरवली. एवढंच केलं, बाकी काही हलवलं नाही. दोन्ही मोठे करून आणले आहेत. सहलीच्या बारा फोटोंनंतर शेवटी यांतला एक लागणार. पहिला घडलं तसा आहे. दुसरा तसा नाही. कुठला लावायचा हे मला ठरवता येत नाही आणि मला काही ठरवता येत नाही असं सहसा होत नाही.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. सही पोस्टाने पाठवलीस तर ती शुक्रवारपर्यंत येणार नाही. इंदूरहून रात्रीची गाडी सकाळी पोचते.

घरी पलंग रिकामा आहे. उशी तुला कडक लागते, तशीच आणली आहे.

जयू


नोंद. मुलुंड, १४ मार्च १९८८

परवानगी : मिळाली. शुक्रवार, ४ मार्च, हॉलच्या पायऱ्यांवर, समक्ष. वैद्यांनी नियमाप्रमाणे ओळख विचारली, तेव्हा माणिकने पिशवीतली बाहुली स्वतःच्या गालाला लावून दाखवली. वैद्यांनी सहीचा कागद खिशात घातला.

भिंतीवर लागले : तेरा. शेवटी गेटच्या दोनांपैकी पहिला फोटो लावला, घडलं तसा. निवड माणिकची. "खरा फोटो लोकांना बघू दे," असं ती म्हणाली.

आज माणिक इंदूरला परत गेली. तिच्याकडे पुढील वस्तू सुपूर्द केल्या :

दुसरा फोटो, मान वळलेली. एकच प्रत काढली आहे. प्रदर्शनासाठी नाही.

जयंती, वीतभर, पर्ससकट. उजवा गुडघा सैल, उभी करताना मागून आधार लागतो. उन्हात ठेवू नये.

जिलबीचं ताट. ताटातली एक जिलबी रविवारी पाहुण्यांसमोर माझ्या तोंडाला लावून बघण्यात आली, तिचा रंग गेला आहे. नवी करून पाठवीन.

माणिक, निळ्या चंदेरीतली, सुपूर्द केलेली नाही. ती फ्रिजवर आहे आणि तिथेच राहील.

जयंतीचे ओठ माझ्या लेखी परवानगीशिवाय कुणीही रंगवू नयेत.

देणार : जयंती

घेणार : वाचलं. ओठांचं बघू. माणिक